पाच जिंकल्या, पाच हरल्या

अकरा सामने.
पाच जिंकल्या, पाच हरल्या,
आणि एक झालाच नाही, कारण त्या सकाळी
मैदान लष्कराच्या बँडला सरावासाठी हवं होतं.
आम्ही कंपाउंडबाहेर उभे राहून ट्रम्पेट ऐकलं.
डिमेलो सर म्हणाले, हा आपला सर्वांत चांगला सामना.
एकही चूक नाही.

माझं दुकान पूलगेटच्या स्टँडमागे.
दुकान म्हणजे एक पेटी, एक छत्री, एक लोखंडी पाय.
चपला, पर्सचे बंद, शाळेची दप्तरं,
आणि डिसेंबर ते मार्च बेसबॉलचे ग्लोव्ह.
हा खेळ पुण्यात खेळतात
हे निम्म्या पुण्याला माहीत नाही.
उरलेलं निम्मं "म्हणजे क्रिकेटच ना?" विचारतं
आणि वर आपल्यालाच समजावून सांगतं.

पहिले चार जिंकल्या तेव्हा
मी टाचांचे पैसे कमी घ्यायला लागलो होतो.
तेजल नाईकनवरेचा बॉल रुक्सानाच्या हातात पोचायचा
तो आवाज,
घाटावर ओली चादर आपटावी तसा,
घोरपडीच्या फाटकापर्यंत जायचा.

मग हडपसरच्या मुली आल्या.
मोजून नऊ जणी, त्यातल्या एकीला ताप.
त्यांनी आम्हाला अकरा-दोन धुतलं.
त्यानंतर आणखी तीन हरलो.
मग एक जिंकलो,
का, ते मला अजून कळलेलं नाही.

ह्या खेळात चूक लिहून ठेवतात.
तिला स्वतःचा रकाना असतो.
पानसे लिहितात, शिसपेन्सिलीनं, पण दाबून.
मला रकाना लागत नाही.
मी ग्लोव्ह उलटा करून बघतो.
तळवा काळा पडलाय, म्हणजे पोरगी बॉलखाली जाते.
बोटांची टोकं उसवलीयत, म्हणजे उशिरा पोचते.
समिधा कुचेकरचा ग्लोव्ह मनगटापाशी झिजला होता.
बॉल येताना डोळे मिटणाऱ्याचा
तिथे झिजतो.

हे मला जानेवारीतच कळलं होतं.
दोरी ओवली, चाळीस रुपये घेतले, बोललो नाही.
खेळाडूला मोच्यानं काय सांगावं.
आणि तेव्हा आम्ही जिंकत होतो;
जिंकताना कोण कुणाला काय सांगतं.

शेवटचा सामना. जिंकलो तर पुढची फेरी.
शेवटचा डाव, दोन बाद, एका धावेची आघाडी,
दोघी बेसवर,
आणि बॉल उंच, लेफ्ट फील्डकडे,
ऊन थेट समिधाच्या तोंडावर.
सगळे बॉलकडे बघत होते.
मी तिच्या डोळ्यांकडे.
उघडे होते. दोन्ही.
ती खाली गेली, हात वर, बॉल आत,
आणि अंगठ्याजवळची दोरी तुटली.
जाळीतून बॉल असा निघून गेला
जसं पिशवीतून लिंबू.

ती दोरी माझी.
चाळीस रुपयांत बसावी म्हणून
भवानी पेठेतून आणलेली हलकी.

रकान्यात नाव तिचं लागलं.
मी पानशांना सांगायला गेलो.
ते चष्म्यावरून बघत म्हणाले,
"दोरीला रकाना नाही हो."

चार दिवसांनी ती आली. हातात ग्लोव्ह.
मी बोलायच्या आत म्हणाली,
काका, बघितलंत ना? आला होता हातात.
हो म्हटलं.
एवढंच बोललो. बाकीचं
जिभेवर टाके घालून बसल्यासारखं राहिलं.

आता एप्रिल.
ह्या वेळी दोरी म्हशीच्या कातड्याची घातलीय,
एरंडेल चोळलंय,
मध्ये बॉल ठेवून सायकलच्या ट्यूबनं आवळून
छत्रीच्या दांड्याला टांगलाय.
न्यायला कुणी आलेलं नाही.
परीक्षा असतील.
रोज पेटी बंद करताना
जाळीत बोट घालून एकदा ओढून बघतो.

काल एक गिऱ्हाईक विचारत होतं,
हे काय, विकायचंय का?
म्हटलं, नाही.
डिसेंबरचं आहे.